पुढच्या वेळी चेक करून या म्हणणाऱ्या म्युझियमवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतली म्युझियम आणि थोरामोठ्यांची जुनी घरं सांभाळणारे विश्वस्त, संचालक, क्युरेटर, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारे सरकारातले साहेब

नमस्कार.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. सोयाबीन, तूर आणि नाल्याकडच्या तुकड्यात थोडा कापूस. गावच्या जि. प. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणजे मिटिंगला चहा पिऊन रजिस्टरवर सही करणाऱ्यांपैकी एक, पण सहल निघाली की सरांसोबत एक-दोन पालक लागतात आणि डिसेंबरात सोयाबीन विकून झालेलं राहते, तूर अजून उभी राहते, मग मी मोकळाच असतो, म्हणून मी जातो. मागच्या डिसेंबरात पाचवी ते सातवीची लेकरं घेऊन आम्ही मुंबईला आलो होतो. तुमच्यापैकी एका ठिकाणच्या गेटवरून आम्हाला परत पाठवलं. वाईट वाटलं, पण ते तिथंच गिळून टाकलं होतं. हे पत्र लिहायला बसलो ते त्यानंतर आमच्या तक्रारीला जे उत्तर आलं त्यामुळं.

उत्तर दोन ओळींचं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढील भेटीपूर्वी कृपया वेबसाइट तपासून यावे.

साहेब, पुढची भेट कोणाची? सातवीतली लेकरं आता तालुक्याच्या हायस्कुलात गेली, तिथली सहल वेगळी, तिथले सर वेगळे, आणि त्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी पुन्हा सहलीचे पैसे निघतीलच असं नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसाला या रविवारी नाही जमलं तर पुढचा रविवार आहे, लोकल पकडली की आला. आमच्या गावात अशी म्हातारी माणसं आहेत की ज्यांनी मुंबई पाहिली ती फक्त सहा डिसेंबरला किंवा टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन गेले तेव्हा. आमच्या लेकरांच्या वाट्याला तुमच्या शहराचा एक दिवस येते, फार तर दोन, आणि तुम्ही तुमचे सगळे नियम असे बनवलेत की जणू येणारा प्रत्येक माणूस दादर-माटुंग्यालाच राहते. मला सगळं मिळून एवढंच म्हणायचं आहे, बाकी खाली जे लिहिलं ते याचेच पुरावे समजा.

आधी काय झालं ते सांगतो. ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण मला कोणाची नोकरी घालवायची नाही, आणि या पत्रात पुढं ज्या जागांची नावं येतील त्यातली ती एकही नाही. दक्षिण मुंबईतलं एका मोठ्या माणसाचं जुनं घर. सरांनी लेकरांना त्या माणसावरचा धडा मुद्दाम आधी शिकवून आणला होता, एका पोरीनं तर भाषण पाठ केलं होतं की तिथं अंगणात उभं राहून म्हणणार म्हणून. एसटी लांब उभी करून चालत गेलो, तर गेटवर सिक्युरिटी म्हणते आज बंद. सरांनी मोबाइल काढून वेबसाइट दाखवली, त्यावर उघडं लिहिलेलं. तो म्हणते वेबसाइटचं मला माहीत नाही, आज आतमध्ये प्रोग्राम आहे. आणि खरंच टेम्पोतून खुर्च्या उतरत होत्या, पांढरे कापडाचे कव्हर घातलेल्या, आणि दोन माणसं झेंडूच्या माळांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन आमच्याच लेकरांना बाजूला सरका सरका करत आत जात होती. लेकरं लाइन करून उभी, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. माझा पुतण्या मला म्हणते, "काका, माळावाल्यायले जाऊ देऊन राह्यले, आपल्याले काहून नाही?" मी काय सांगू त्याला.

प्रोग्राम करू नका असं मी म्हणत नाही. मला समजते की जुनी इमारत सांभाळायला पैसा लागते, लाकूड वाळवी खाते, पाऊस मुंबईचा, खाऱ्या हवेनं लोखंड गंजते, आणि हॉल भाड्यानं दिला की चार पैसे येतात. द्या ना. पण तो प्रोग्राम काही त्या दिवशी सकाळी ठरला नव्हता, बुकिंग कितीतरी आधी झालं असेल. मग वेबसाइटवर एक ओळ टाकायला काय जाते? आणि ज्या शाळेनं तुम्हाला आधी लेटरहेडवर तारीख कळवलेली, त्या शाळेला एक फोन? आम्ही कळवलं होतं हो. सरांनी अर्ज पोस्टानंही पाठवला आणि मेलही केला. पोच नाही, उत्तर नाही, फोन लावला तर एकतर बिझी नाहीतर नुसता वाजत राहते.

आता कोणी म्हणेल की एवढ्या लांबून लेकरांना आणायचं काहूनच, विदर्भात कमी आहे का पाहायला. कमी नाही. नागपूरचा अजब बंगला १८६३ चा आहे, म्हणजे भायखळ्याच्या तुमच्या म्युझियमची इमारत लोकांसाठी उघडली त्याच्याही आधीचा, हे मी मुंबईकर भेटला की मुद्दाम सांगतो. सेवाग्रामची बापू कुटी आहे, मातीच्या भिंतीची. तिथं साप पकडून लांब सोडायला ठेवलेला चिमटा आणि पिंजरा पाहून आमच्या पोट्ट्यांनी जे प्रश्न विचारले ते कोणत्या धड्यावर विचारले नसते. साप मारायचा नाही, पकडून सोडायचा, हे गांधीजींबद्दलचं एक वाक्य लेकरांच्या डोक्यात कायमचं बसलं, कारण वस्तू समोर होती.

पण गोष्ट अर्धी इकडं आहे आणि अर्धी तुमच्याकडं. गांधीजी १९१७ पासून १९३४ पर्यंत मुंबईत आले की गावदेवीच्या मणिभवनात राहायचे. १९३२ च्या ४ जानेवारीला पहाटे त्यांना तिथल्याच गच्चीवरून पकडून नेलं. १९३४ ला ते वर्ध्याला आले आणि १९३६ ला शेगावात, म्हणजे ज्याला पुढं सेवाग्राम नाव पडलं त्या गावात, राहायला गेले. म्हणजे तुमच्याकडचा मुक्काम उठला आणि आमच्याकडं पडला. ज्या लेकरानं बापू कुटी पाहिली त्याला मणिभवनातली खोली, ते चरखे, आणि त्यांच्या आयुष्यातले प्रसंग लहान लहान मूर्ती करून काचेत मांडलेत ते दाखवले की त्याच्या डोक्यात रस्ता जोडल्या जाते. आमचे पोट्टे त्या काचांना नाकं लावून उभे होते, सरांना ओढून न्यावं लागलं.

दुसरं उदाहरण तर खास आमच्या वाशीमचं आहे, आणि हे आमच्या सरांनी एसटीत माइकवर सांगितलं तेव्हा मलाही नवीन होतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं ते म्युझियम, २ मे १८७२ ला लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं, अल्बर्टचं होतं, १९७५ ला त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. हे डॉक्टर मूळ गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ ला जी पहिली बॅच बाहेर पडली त्यातले, गोरगरिबांना औषध देणारे, आणि नाद मात्र जुन्या शिलालेखांचा. अजिंठ्याला जाऊन तिथले लेख त्यांनी उतरवून घेतले आणि वाचले. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेणीत वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, त्यात राजघराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं आहेत. आणि हे हरिषेणाचं घराणं ज्या राजधानीवरून ओळखल्या जाते ते वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशीम! आमचं लेकरू त्या इमारतीत पाय ठेवते तेव्हा ते पाहुणं नाही साहेब, त्या डॉक्टरांनी ज्यांचा इतिहास शोधायला डोळे फोडले त्यांच्या गावाकडचं ते आहे. हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे मला कल्पना नाही, पण आमच्या सातवीला माहीत आहे.

त्याच म्युझियमच्या बाहेर दगडी हत्ती आहे ना, घारापुरीहून आणलेला, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटालाच हत्तीचं नाव दिलं. १८६४ ला इंग्रज तो उचलून इंग्लंडला न्यायला निघाले तर क्रेन तुटली, हत्ती पडला, तुकडे झाले, मग ते तुकडे राणीच्या बागेत आणले आणि १९१४ ला जोडून पुन्हा उभा केला. लेकरांनी जोड कुठं कुठं आहे ते शोधायचा खेळच सुरू केला. "हा पाहा, पायापाशी", "नाही रे, इकडं पाठीवर". आतमध्ये मातीची लहान लहान माणसं आहेत, वेगवेगळ्या जातीधंद्यांची, वेगवेगळ्या पगड्यांची, त्यांच्यापुढं तर पोरी हलेनात. अशी जागा असली की लेकराला गप्प बस म्हणावं लागत नाही, ते आपोआप गप्प होते नाहीतर आपोआप बोलते. म्हणून सांगतो, तुमच्याकडं जे आहे ते सोनं आहे, तक्रार दाराची आहे.

आता दाराच्या तक्रारी.

सुट्टीचे वार घ्या आधी. भायखळ्याचं म्युझियम आणि राणीची बाग बुधवारी बंद. घारापुरी सोमवारी बंद. फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम सोमवारी बंद आणि बँकेला सुट्टी असली की बंद. आधुनिक कलेचं सरकारी दालन सोमवारी बंद. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाला पाहिजे, आम्हीही पोळ्याला बैल जुंपत नाही, त्याला हरकत नाही. पण हे सगळे वार, सणाच्या सुट्ट्या, दुरुस्तीसाठी बंद असलेली दालनं, हे एका जागी एका कागदावर कुठंच मिळत नाही. आमचे सर प्रत्येक ठिकाणाचं वेगवेगळं शोधत बसले, कुठं इंग्रजी, कुठं जुनी माहिती. सहलीला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पालकांची संमतीपत्रं लागतात, डेपोतून एसटी बुक करावी लागते, शाळेच्या सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते म्हणून तर जमते हे सगळं, आणि एकदा तारीख पडली की ती बदलत नाही. तुमचा एक वार चुकला की आमचा अख्खा प्लॅन कोलमडते.

तिकिटाचं. एका म्युझियममध्ये, तेही वेगळंच, नाव त्याचंही नाही घेत, विद्यार्थ्यांना सवलत आहे असा बोर्ड आहे, पण खिडकीवर म्हणाले आयकार्ड दाखवा. जि. प. च्या लेकरांना कुठलं आलं आयकार्ड? मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची यादी होती, नाव, इयत्ता, जन्मतारीख सगळं. नाही चालत म्हणे. लेकरं शाळेच्या ड्रेसवर समोर उभी आहेत, त्यांच्या खिशावर जिल्हा परिषद लिहिलेलं आहे, ती काय सिनेमाला निघालेली टोळी आहे का? मग म्हणाले ऑनलाइन काढा, ऑनलाइनला थोडं कमी पडते. ऑनलाइनला ओटीपी येईना, गर्दीत नेट चालेना, रोख द्यायला गेलो तर सुटे नाहीत. या सगळ्यात जो वेळ गेला तो आतमध्ये पाहण्याच्या वेळातून गेला, कारण संध्याकाळी बंद करायच्या अर्धा तास आधीच शिट्ट्या सुरू होतात. माणशी अठराशे रुपये घेतले होते सहलीचे. काही आयांनी कापूस वेचणीच्या पैशातून दर आठवड्याला थोडे थोडे करून सरांकडं आणून दिले. सवलत मिळाली नाही म्हणून जो फरक पडला तो सरांनी आणि मॅडमनी खिशातून भरला, आणि त्यांनी तो कोणाला सांगितलाही नाही, मला हिशेबाच्या वहीवरून समजलं.

डबा आणि बॅग. रात्रभर प्रवास करून आलेल्या लेकरांजवळ बॅग राहणारच. आत बॅग न्यायची नाही, बरोबर आहे, वस्तूंना धक्का लागेल. पण ठेवायची कुठं? लॉकर आठ-दहा, ते भरलेले. म्हणून एक पालक कायम बाहेर बॅगांची राखण करत उन्हात बसणार, आणि तो पालक मी. म्हणजे मुंबईतली दोन चांगली ठिकाणं मी बाहेरून पाहिली आहेत, त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीची मला चांगली माहिती आहे, कोणाला पाहिजे असेल तर गाइड म्हणून येतो. जेवायचं तर विचारूच नका. बायांनी दशम्या, तिळाची चटणी, लसणाचा ठेचा बांधून दिला होता, दोन दिवस टिकणारं. बसून खायला जागा नाही, लॉनवर बसू नका, पायरीवर बसू नका, आणि आतल्या कॅफेत एका कॉफीची किंमत पाहून आमच्या मॅडम मेनूकार्ड तसंच मिटून परत आल्या. लेकरं फूटपाथवर रांगेनं बसून जेवली, लोक त्यांच्यामधून वाट काढत जात होते. पोरींच्या संडास-बाथरूमचा विषय मॅडमच सांगू शकतील, मी एवढंच लिहितो की दुपारनंतर मोठ्या पोरी पाणी प्यायला तयार नव्हत्या.

मग माहितीच्या पाट्या. काही ठिकाणी मराठी चांगली आहे, मी पाहिली, लेकरं मोठ्यानं वाचत होती. पण काही ठिकाणी वस्तूचं नाव तेवढं मराठीत आणि खाली दहा ओळी इंग्रजी. महाराष्ट्राच्या राजधानीत महाराष्ट्राचं लेकरू वस्तूसमोर उभं राहून म्हणते, "सर, यात काय लिवलं?" आणि सरांना चाळीस लेकरांच्या मागं धावायचं की भाषांतर करत बसायचं. शिवाय आम्ही आत शिरलो की पहिलं वाक्य हात लावू नका, दुसरं आवाज करू नका. हात लावू नये हे आम्हाला समजते. पण त्याच वेळी दुसऱ्या दाराने एका मोठ्या शाळेची मुलं आली, त्यांच्यासोबत तुमची एक ताई होती गळ्यात कार्ड घातलेली, ती त्यांना गोष्ट सांगत फिरत होती. सरांनी विचारलं आमच्या लेकरांना पण मिळेल का अशी ताई, तर म्हणे ते आधी बुक करावं लागते आणि तो कार्यक्रम इंग्रजीत राहते. आमची काही लेकरं मग त्यांच्याच मागं मागं जाऊन ऐकत होती, समजत नव्हतं तरी. ते पाहून मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही, कारण पत्र सभ्य भाषेत लिहायचं ठरवलं आहे.

एक चांगली गोष्ट पण सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल याला फक्त रडता येते. ज्या म्युझियममध्ये आम्हाला सगळ्यात जास्त माहिती मिळाली तिथं ती एका सिक्युरिटीवाल्या भाऊनं दिली. तो आमच्याच बाजूचा, बुलडाण्याकडचा निघाला, बोलण्यावरून ओळखलं आम्ही एकमेकांना. ड्युटी सांभाळून त्यानं लेकरांना सगळं दालन फिरवून दाखवलं, कोणत्या वस्तूपुढं लोक जास्त थांबतात, कोणती गंमत सगळे सोडून पुढं जातात. म्हणजे माणूस आहे तुमच्याजवळ, भाषा आहे, फक्त त्याला तुम्ही स्टुलावर बसवून ठेवलं आहे.

आता राजगृहाबद्दल आणि सहा डिसेंबरबद्दल. दरवर्षी विदर्भातून लाखांनी लोक चैत्यभूमीला येतात, नागपूरकडून रेल्वे जादा गाड्या सोडते. ही माणसं शिवाजी पार्कवरून पुस्तकं विकत घेऊन जातात, डोक्यावर गठ्ठे घेऊन, हे तुम्ही मुंबईकरांनी पाहिलेलं आहे. हिंदू कॉलनीतलं राजगृह, जे बाबासाहेबांनी राहण्याइतकंच पुस्तकांसाठी बांधलं, तिथं दर्शनाला रांग लागते. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी इतकी वर्षं काढली ती खोली शोधत शोधत माणसं जातात, वाटेत दहा जणांना विचारत. एवढा मोठा वाचणारा, पाहणारा समाज स्वतःच्या खर्चानं तुमच्या शहरात येते, दोन-तीन दिवस राहते, आणि त्या दिवसांत तुमच्यातलं एक तरी म्युझियम म्हणते का की या, तुमच्यासाठी आम्ही रात्री आठपर्यंत उघडं ठेवलं? स्टेशनवर एक बोर्ड लावते का की ही चाळ इकडं, हे घर तिकडं, ही बस पकडा? गणपतीत शहर रात्रभर जागू शकते, मग हेही जमेल.

तुम्हाला खरं सांगू का, तुमची स्पर्धा कोणाशी आहे हे तुम्हाला माहीत नाही. वॉटर पार्कवाले आमच्या शाळेला स्वतःहून फोन करतात. ऑक्टोबर लागला की त्यांचा माणूस मोटरसायकलवर पॅम्प्लेट घेऊन येते, सर-मॅडमना फ्री, दहा लेकरांमागं एक फ्री, जेवण पॅकेजमध्ये, बस पार्किंग आत, पोरींसाठी वेगळी चेंजिंग रूम. फोन पहिल्या रिंगला उचलतात आणि मराठीत बोलतात, हिंदीत विचारलं तर हिंदीत. मागच्या सहलीनंतर आमच्या समितीत दोन-तीन पालक सरळ म्हणाले की काय ते जुने भांडे पाहायला पाचशे किलोमीटर जायचं आणि गेटवरून परत यायचं, त्यापेक्षा लेकरं पाण्यात खेळतील तरी. मी त्यांच्याशी भांडलो, पण माझ्याजवळ सांगण्यासारखं कमी होतं. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला, रस्ता आता मोकळा आहे, इकडून मुंबई जवळ आली. तुम्ही जवळ आलात का, हा प्रश्न आहे.

आम्ही मागतो ते फार नाही. फुकट पण काही मागत नाही, लेकरांचं जे लागेल ते तिकीट भरू.

सगळ्या म्युझियमचे आणि जुन्या घरांचे वार, वेळा, बंद दालनं, भाड्यानं दिलेले दिवस हे सरकारनं एका ठिकाणी मराठीत टाकावं आणि दर महिन्याला बदलावं. एक फोन नंबर द्या जो सकाळी दहा ते संध्याकाळी पाच माणूस उचलेल. ज्या शाळेनं तारीख कळवली तिला आठ दिवसांत हो किंवा नाही असं उत्तर द्या, आणि हो म्हटल्यावर ती जागा प्रोग्रामला देऊ नका, द्यायचीच असेल तर निदान लेकरांना सकाळी तासभर आत जाऊ द्या, खुर्च्या दुपारी उतरवा.

मुख्याध्यापकांच्या शिक्क्याची यादी हाच विद्यार्थी असल्याचा पुरावा धरावा, खिडकीवरच्या माणसाला तसं लेखी देऊन ठेवावं. रोख पैसे घ्यावेत.

एक शेड, दोन नळ, पोरींसाठी स्वच्छ संडास, बॅगा ठेवायला एक खोली. ज्याच्याजवळ जागाच नाही त्यानं बाजूच्या महापालिकेच्या शाळेशी बोलून एक वर्ग मिळवून द्यावा, दुपारच्या तासाभरासाठी.

मराठीत गोष्ट सांगणारी ताई किंवा दादा, खेड्यातल्या शाळांसाठी पण. माणूस मिळत नसेल तर त्या बुलडाण्याकडच्या भाऊसारखे जे तुमच्याकडं आधीच आहेत त्यांना ट्रेनिंग द्या आणि त्याचे पैसे पण द्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकही म्युझियम बंद ठेवू नका आणि वेळ वाढवा.

आणि शेवटचं. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस आहे, म्युझियम ऑन व्हील्स, २०१५ पासून ती वस्तू घेऊन गावोगाव फिरते असं वाचलं. ही कल्पना मला सगळ्यात जास्त आवडली. ती बस वाशीम जिल्ह्याकडं फिरवा, पाहिजे तर डिझेलला गाव वर्गणी काढेल, राहायची-जेवायची सोय आमच्याकडं, आणि बाकीच्या संस्थांनीही मिळून अशी एखादी गाडी काढली तर जी लेकरं कधीच मुंबईला येणार नाहीत, आणि अशीच जास्त आहेत, त्यांनाही काहीतरी मिळेल.

या सगळ्यातलं काय जमेल आणि काय नाही ते स्पष्ट कळवा. नाही जमत म्हटलं तरी चालेल, पण कारण सांगा, दिलगीर आहोत एवढंच नको. आमच्या समितीची सहलीची मिटिंग दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की राहते आणि त्या दिवशी ठिकाण लिहून ठराव करावा लागते, वॉटर पार्कचं पॅम्प्लेट फाइलला लागलेलं आहे. तोवर उत्तर आलं तर मिटिंगमध्ये वाचून दाखवतो. मेल नको, मेल आमच्याकडं कोणी रोज उघडत नाही. मुख्याध्यापकांच्या नावानं साध्या पोस्टानं पाठवा, पत्ता आणि पिनकोड जुन्या अर्जावर आहे.

आपला,
एक पालक
शाळा व्यवस्थापन समिती, जि. प. शाळा, वाशीम जिल्हा